तव्याच्या कोपऱ्यातला घास

२ सप्टेंबर, मंगळवार

आज डेरिकनं मला आणि श्रीनिवासला एकदमच केबिनमध्ये बोलावलं. डेरिक आमचा साहेब, वय छत्तीस. स्वभावानं चांगला आहे. वाईट बातमी द्यायची असली की आधी पाणी देतो. टेबलावर दोन ग्लास भरून ठेवलेले दिसले तेव्हाच मी खुर्ची नीट ओढून बसलो.

जहाजांनी येणाऱ्या मालाची कागदपत्रं तपासायचा विभाग माझ्याकडे आहे, जाणाऱ्या मालाचा श्रीनिवासकडे. पुढच्या महिन्यापासून दोन्ही विभाग एक होणार. प्रमुखही एकच. उरलेल्या माणसाला कंपनी ‘नव्या वाटा शोधायला मोकळं’ करणार. हे वाक्य डेरिक दोनदा बोलला आणि दुसऱ्यांदा बोलताना त्यानं खिडकीकडे हात केला. खिडकी सतराव्या मजल्यावर आहे.

निवड करणार मिस ओंग नावाच्या सल्लागार बाई. त्यांचं मत असं की माणसातलं नेतृत्व मुलाखतीत दिसत नाही, तव्यावर दिसतं. म्हणून सतरा तारखेला दुपारी सगळ्यांनी तांजोंग पगार भागातल्या एका जपानी हॉटेलात जायचं. तिथे टेबलातच तवा बसवलेला असतो आणि ज्यानं त्यानं आपलं ओकोनोमियाकी स्वतः भाजायचं. मिस ओंग बघणार आणि लिहून घेणार. हा पदार्थ काय असतो ते घरी येऊन पाहिलं. कोबीचं जाड थालीपीठ आहे.

म्हणजे एकोणपन्नासाव्या वर्षी माझी नोकरी थालीपिठावर आली. मुलीचं, जाईचं, कॉलेज अजून दोन वर्षं आहे. या वयाच्या माणसाला इथे परदेशात दुसरीकडे कोण घेतं, हा प्रश्न मी मनात पुरा होऊ देत नाही.

संध्याकाळी विठ्ठलाच्या तसबिरीपुढे बसलो आणि म्हणालो, तुझ्या मनात असेल तसं होऊ दे. मग उठून कोबीचं थालीपीठ कसं उलटतात याचे तीन व्हिडिओ पाहिले. आधी म्हटलं ते खरं की नंतर केलं ते, हे कळत नाही.

श्रीनिवास सोलापूरचा. अकरा वर्षं आम्ही दुपारी एका टेबलावर जेवतो. लिफ्टमध्ये तो म्हणाला, “मालक, आपल्यात काही नाही हां.” मी म्हणालो, काहीच नाही. आम्ही हात मिळवले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

४ सप्टेंबर, गुरुवार

ऑफिसनं जेवणाचा फॉर्म पाठवला. शाकाहारी, हलाल, ॲलर्जी, इतर. सतरा तारखेला एकादशी आहे. मी शाकाहारीवर खूण केली आणि ‘इतर’मध्ये ‘एकादशी’ असं लिहिलं. खोटं लिहावंसं वाटलं नाही.

तासाभरात एचआरच्या मुलीचा फोन आला. एकादशी हवेतून पसरते का, की फक्त खाण्यातून? मी सांगितलं, चंद्राच्या अकराव्या दिवशी असते. तिनं विचारलं, म्हणजे येते आणि जाते? मी म्हणालो, हो, महिन्यातून दोनदा. ती काळजीत पडली. औषध जवळ बाळगता का, असं विचारलं. मी म्हणालो, साबुदाणा. तिनं त्याचं स्पेलिंग घेतलं.

बायकोला, मीनलला, हे सांगितल्यावर ती गॅस बंद करून हसत बसली. मला मात्र त्या मुलीचं कौतुक वाटलं. बावीस वर्षांत या देशात माझ्या एकादशीची इतकी चौकशी कुणी केली नव्हती.

७ सप्टेंबर, रविवार

आमच्या घरून, वुडलँड्सहून, तांजोंग पगारला जायला तासभर लागतो, पण मीनलचं म्हणणं, परीक्षेआधी परीक्षेची जागा बघून यावी. जाईलाही नेलं.

हॉटेल लहान आहे. लांबट काळे तवे टेबलात बसवलेले, प्रत्येकाला दोन उलथणी. शेजारच्या टेबलावर थालीपिठावर कसलेतरी पातळ काप भुरभुरले होते आणि ते गरम वाफेवर हलत होते, अगदी जिवंत असल्यासारखे. मासा आहे, वाळवून तासलेला, असं जाईनं सांगितलं. मीनलनं पर्स मांडीवरून उचलून छातीशी धरली.

वाढणारी बाई साठीची, सीमेपलीकडच्या जोहोरहून रोज येते. तिला सगळे आंटी म्हणतात. मी आमची अडचण सांगितली: मांस नाही, मासा नाही, अंडं नाही. माझ्या कॉलरखालची तुळशीची माळ तिला दिसली असावी. तिनं आम्हाला कोपऱ्यातल्या टेबलाकडे नेलं. तो तवा फक्त शाकाहारी लोकांसाठी ठेवलेला आहे. चंद्राच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी ती स्वतःही मांस खात नाही. कालच तिचा पंधरावा दिवस होता. मी म्हटलं, आमचा अकरावा. तिनं बोटांवर मोजलं आणि सतरा तारीख बरोबर सांगितली. एचआरला तो अजून आजारच वाटतो.

अंड्याऐवजी किसलेला पांढरा कंद घातलेलं पीठ तिनं आणून दिलं. कंद सुरणाच्या नात्यातला वाटला. मी पीठ कोबीत कालवलं, तव्यावर पसरलं आणि हातून नेहमीचं घडलं. वडील जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवायचे, देवाचं नाव घ्यायचे आणि मग हात लावायचे. मीही तेच करतो. समोर ताट नव्हतं, तवा होता. पेल्यातलं पाणी हातावर घेऊन मी तव्याभोवती फिरवलं.

असा आवाज आणि अशी वाफ झाली की शेजारचे लोक उभे राहिले. आंटी धावत आली. तिथे तव्याच्या कडेनं पाणी ओतलं म्हणजे जेवण झालं, तवा साफ करा, अशी खूण असते. तिनं क्षणात मोठी पट्टी घेऊन माझं कच्चं थालीपीठ खरवडून खोबणीत ढकललं आणि थँक्यू म्हणाली.

मीनल म्हणाली, “अहो, देवानं सगळंच घेतलं.”

दुसऱ्या वेळी पाणी टाळलं. पण आईचं एक राहिलंच होतं. ती पहिल्या भाकरीचा रुपयाएवढा तुकडा चुलीत टाकायची. ज्यानं भाजलं त्याचा घास आधी. मी पिठाचा तेवढाच ठिपका तव्याच्या कोपऱ्यात सोडला. मीनल म्हणाली, इथे चूल कुठे आहे? मी म्हणालो, खाली गॅस असेलच. जाईनं टेबलाखाली वाकून पाहिलं.

“पपा, इलेक्ट्रिक आहे लाह.” इथल्या मुलांसारखं ती वाक्याच्या शेवटी ‘लाह’ लावते.

घरी येताना एमआरटीच्या गाडीत विचार करत होतो. विजेत अग्नी असतो की नाही? आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी वीज शिकवली होती तेव्हा गावात वीज नव्हती, त्यामुळे असं काही विचारायचं सुचलं नाही.

मीनलनं पहिल्याच झटक्यात अख्खं थालीपीठ उलटलं. माझं दोनदा मोडलं. निघताना आंटी म्हणाली, काल पण एक इंडियन अंकल एकटाच आला होता, पाच करून पाहिली, दोन खाल्ली. आपल्या लोकांत हा पदार्थ भलताच आवडता झालेला दिसतो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पाच दिवस रोज रात्री कोबी. आता माझं मोडत नाही. उलथणी दोन्ही बाजूंनी खाली सरकवायची, श्वास सोडायचा आणि विचार न करता उलटायचं. विचार केला की मोडतं. जाईनं आज मैत्रिणीकडे जेवते म्हणून कळवलं. मीनल म्हणते, नोकरी राहो न राहो, घरात कोबी राहणार नाही.

श्रीनिवासची मला काळजी वाटते. डब्यात रोज कोबीच आणतो. उजव्या हाताच्या बोटावर मोठा फोड आहे. इस्त्रीनं भाजलं म्हणाला. बायको सोलापूरला गेली आहे, बिचारा सगळं स्वतः करतो. बहुधा शुगरही वाढली असावी. तयारी करताय का, असं त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, कसली तयारी? तो म्हणाला, तेच तर. थालीपिठाची कुणी तयारी करतं का?

आज मी त्याच्याशी सरळ खोटं बोललो. रात्री जपाला बसलो तेव्हा ते मध्ये मध्ये येत होतं.

१७ सप्टेंबर, बुधवार. एकादशी

सविस्तर लिहितो, कारण जे घडलं ते मला अजून नीट समजलेलं नाही.

आम्ही सोळाजण होतो. माझ्या जागेवर टूथपिकला चिकटवलेला छोटा लाल झेंडा होता: नो एकादशी. एचआरच्या मुलीनं स्वतः लावला होता आणि स्वयंपाकघरात एकादशीचा अंशही जाणार नाही, अशी खात्री करून घेतली होती. मी तिचे आभार मानले.

झेंड्यामुळेच मला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. त्याच टेबलावर डेरिक आणि श्रीनिवास. मिस ओंग हातात टॅब घेऊन उभ्या. सर्वांनी आज आपली पदं विसरायची, असं त्यांनी सांगितलं आणि सगळ्यांनी डेरिककडे बघून मान हलवली.

माझा उपास असल्यामुळे मी खाणार नव्हतो. भाजत होतो ते या दोघांसाठी. श्रीनिवासनं आपलं थालीपीठ असं उलटलं की पलीकडच्या टेबलावर टाळ्या पडल्या. पहिल्यांदाच करणाऱ्या माणसाला इतकं जमतं म्हणजे हातात उपजतच असावं. डेरिकनं उलटलं ते अर्धं तव्यावर आणि अर्धं त्याच्या टायवर. तो लाजला. मी दोन्ही उलथण्यांनी तुकडे जवळ आणले, फटीत थोडं पीठ सोडलं, कडा दाबल्या. घरी मीनल माझ्या मोडक्यांचं हेच करायची. जुळलं. डेरिकनं आपणच जोडल्यासारखा त्याचा फोटो काढून घेतला.

मग मी कोपऱ्यात ठिपका सोडला. पितृपक्षातली एकादशी. वडील आठवले. त्यांचं पाणी फिरवणं आठवलं. मी डोळे मिटून नाव घेतलं.

डोळे उघडले तेव्हा मिस ओंग अगदी जवळ आलेल्या. हे काय केलंत, असं विचारलं. सांगायचं नव्हतं, पण मोठ्या माणसानं विचारल्यावर गप्प बसायची मला सवय नाही. मी म्हणालो, पहिला घास आपला नसतो. कुणाचा असतो? अग्नी म्हणावं, वडील म्हणावं की विठ्ठल, यापैकी इंग्रजीत काहीच नीट बसेना. मी म्हणालो, ज्यानं भाजलं त्याचा. आणि तुम्ही खात नाही आहात, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आज नाही.

त्या बराच वेळ लिहीत राहिल्या. डेरिकनं उलथणं खाली ठेवून हात जोडले. माझ्याकडे बघून की तव्याकडे, ते समजलं नाही.

श्रीनिवास तव्याकडे बघत मराठीत, हळू म्हणाला, “मालक, लई भारी टाकलात.”

मी म्हणालो, टाकलं नाही रे, रोजच करतो.

“रोज तुमच्यासमोर जेवतो मी. अकरा वर्षं.”

आपलं थालीपीठ त्यानं निम्मंही खाल्लं नाही.

त्याचं बरोबर आहे. दुपारी त्याच्यासमोर जेवताना मी हे करत असतो, पण त्याला कधी दिसलेलं नाही. डब्याच्या झाकणात एक शीत ठेवायचं आणि मनात नाव घ्यायचं. ओठ हलत नाहीत.

आज ओठ हलले. मला आठवतंय, हलले. मिस ओंग डावीकडे उभ्या होत्या हे मला डोळे मिटण्याआधी माहीत होतं का? माहीत होतं. तिथेच सगळं अडतं. उपास पाणी न घेता केला आहे, पण त्यानं काही सुटल्यासारखं वाटत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मला प्रमुख केलं. पत्रात लिहिलं आहे की मी ‘स्वतः उपाशी राहून संघाला भरवणारा नेता’ आहे आणि माझ्यात ‘मोडलेलं जोडण्याची नैसर्गिक वृत्ती’ आहे. श्रीनिवास एकतीस ऑक्टोबरला मोकळा होणार.

मीनलनं देवापुढे साखर ठेवली आणि थोडी माझ्या हातावर दिली. मी ती कागदात बांधून खिशात ठेवली. ती म्हणाली, कोबी आणणार नाही हां आता.

दुपारी श्रीनिवास आमच्या टेबलावर आला नाही. आम्ही जेवतो त्या हॉकर सेंटरमध्येच, पण खांबापलीकडे बसला होता. डब्यात कोबी नव्हता. त्याची शुगर उतरली असेल तर बरंच आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

पाच रात्री झोप नाही. आज डेरिककडे गेलो आणि सांगून टाकलं. त्या दिवशी बाई बघत आहेत हे मला माहीत होतं, एरवी माझे ओठ हलत नाहीत, त्या दिवशी हलले. निवड त्यावर झाली असेल तर ती चुकीची आहे. श्रीनिवासचं थालीपीठ माझ्यापेक्षा चांगलं उलटलं होतं.

डेरिकनं मलाच पाणी दिलं. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, या खोलीत इतक्या खरेपणानं कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं समजलं त्याला. संध्याकाळी सगळ्यांना पत्र आलं: आमचा नवा प्रमुख आपली दुर्बलताही उघडपणे मांडतो, हे आपण शिकायला हवं. सोबत माझा फोटो.

फोटोत माझे ओठ मिटलेले आहेत. तेवढंच.

२९ सप्टेंबर, सोमवार

आजपासून ‘फर्स्ट बाइट’ सुरू झालं. ही मिस ओंगची योजना. दर सोमवारी दुपारी अख्ख्या मजल्यानं पँट्रीत एकत्र जेवायचं, पहिला घास कागदी बशीत बाजूला ठेवायचा, तीस सेकंद शांत बसायचं. नंतर फोनवर फॉर्म भरायचा: आजचा घास कुणासाठी? ग्राहक, संघ, पृथ्वी, इतर. आकडे भिंतीवरच्या डॅशबोर्डवर येतात. भिंतीवर तव्याचं चित्र आहे, कोपऱ्यात सोनेरी ठिपका.

सुरुवात मी करून द्यायची. घड्याळ लावायचंही माझ्याकडे.

घास ठेवला. तीस सेकंद मी घड्याळाकडे बघत होतो आणि मनात सेकंदच येत होते. फॉर्म समोर आला. ‘इतर’मध्ये विठ्ठलाचं नाव लिहायला हात धजेना, डॅशबोर्डवर त्याच्यापुढे टक्केवारी आली असती. पण रिकामं सोडलं तर फॉर्म पुढे सरकत नाही. खांबापलीकडची रिकामी खुर्ची आठवली. ‘श्रीनिवास’ असं लिहिलं. आज तो रजेवर होता.

प्रमुखांनी काय लिहिलं, असं शेजारच्या टेबलावरच्यानं वाकून पाहिलं. त्याला दिसू दिलं. लपवण्यासारखं काय होतं?

रात्री घरी जेवताना शीत बाजूला ठेवलं आणि भिंतीवरचा सोनेरी ठिपका दिसला. विठ्ठलाचं नाव आलंच नाही. ते शीत मी परत भातात मिसळलं. मीनलनं पाहिलं आणि ताकाचा पेला थोडा माझ्याकडे सरकवला.

६ ऑक्टोबर, सोमवार

बशांमध्ये जमलेले घास साफसफाई करणाऱ्या बाईंनी तीन दिवस सहन केले. मग मुंग्या झाल्या. म्हणून नवीन पत्रक: यापुढे प्रत्यक्ष अन्न ठेवायचं नाही, प्रत्येकाला हिरवी प्लास्टिकची चकती मिळेल, ती ठेवायची. जेवण झाल्यावर चकती धुऊन परत करायची. दोन चकत्या हरवल्या आहेत, त्याची चौकशी चालू आहे.

मी आजही श्रीनिवास लिहिलं. दुसरं काय लिहावं सुचत नाही.

एक गोष्ट मात्र मन भरून यावी अशी. डॅशबोर्डवर ग्राहक दोन टक्के, पृथ्वी एक टक्का आणि श्रीनिवास ब्याण्णव टक्के. त्याच्यावर लोकांचं इतकं प्रेम असेल याची मला कल्पना नव्हती. मागच्या आठवड्यात तर त्याच्या निरोपाच्या कार्डावर सही करायला पेन कुणाला सापडत नव्हतं. आणि आज पृथ्वीवर खूण केलेली एक मुलगी माझ्याकडे येऊन चुकून झालं, पुढच्या वेळी बरोबर लिहीन, असं सांगून गेली. मी म्हणालो, पृथ्वीही चालेल. तिला ते पटलं नसावं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

केबिनमध्ये आज तीन ग्लास होते. मी, श्रीनिवास आणि डेरिक स्वतः. पहिला ग्लास त्यानंच संपवला.

आकडे हेड ऑफिसच्या मोठ्या बैठकीत दाखवले गेले. तिथे कुणीतरी विचारलं, हा श्रीनिवास कोण? डेरिकनं सांगितलं, निर्यात विभागाचा प्रमुख. पुढचा प्रश्न आला, तो कुठल्या पदावर जाणार? ‘एकतीस तारखेला मोकळा होणार’ हे उत्तर डेरिकला ब्याण्णव टक्क्यांच्या शेजारी उभं राहून द्यावं लागलं. आता आकडे स्थिर होईपर्यंत श्रीनिवासला हलवायचं नाही. तोवर आम्ही दोघेही प्रमुख. मिस ओंग यावर वेगळा अहवाल लिहिणार आहेत.

आकडे कधी स्थिर होतील, असं मी विचारलं. डेरिकनं खिडकीकडे पाहिलं. हात केला नाही.

बाहेर आल्यावर श्रीनिवासनं लिफ्टचं बटण दाबलं. मग म्हणाला, “पुढच्या शुक्रवारी दुपारी चला. त्याच हॉटेलात. मी बोलवतोय.”

मी म्हणालो, शुक्रवारी एकादशी आहे.

“माहितीय. झेंडा आणतो.”

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. एकादशी

सोमवारी दिवाळीची सुट्टी, म्हणून ऑफिस अर्धं रिकामं होतं. आम्ही दोघे चालत गेलो.

दारातच आंटी म्हणाली, “अय्या, दोन्ही प्रॅक्टिस अंकल एकत्र.”

मी श्रीनिवासकडे पाहिलं. त्यानं छताकडे पाहिलं. पाच करून दोन खाल्ली, तो अंकल. इस्त्रीचा फोड. डब्यातला कोबी. मी त्याच्या शुगरसाठी दोनदा प्रार्थनाही केली होती, तेही सांगितलं. तो टेबलावर डोकं टेकवून हसला. मग म्हणाला, त्याची पाच मोडली होती, मीनलवहिनींसारखं कुणी शिकवायला नव्हतं.

कोपऱ्यातलं टेबल. आंटीनं मला न विचारता त्या पांढऱ्या कंदाच्या जाड चकत्या आणि मीठ आणून ठेवलं. आजच्या दिवशी हे चालतं ना, म्हणाली. चालतं. श्रीनिवासनं स्वतःसाठी एक थालीपीठ घातलं आणि माझ्या चकत्या भाजायलाही तोच बसला. मला उलथण्याला हात लावू दिला नाही.

मी ओठांचं सांगितलं. डेरिकला सांगितलं तेच, त्याच शब्दांत.

“माहीत होतं,” तो चकत्या उलटत म्हणाला. “तुम्ही डोळे मिटले तेव्हा मी हेच मनात म्हणत होतो, च्यायला, मला का नाही सुचलं. आमच्या घरी पण आई चुलीच्या वैलावर पहिलं थेंबभर टाकायची.”

त्यानं आपलं थालीपीठ उलटलं.

“पण एक सांगा मालक. माझ्या नावानं घास ठेवलात. तीन सोमवार. मग अख्ख्या मजल्यानं ठेवला.”

मी म्हणालो, हो.

“आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावानं ठेवतात तो.”

माझ्या हातातलं मीठ सांडलं. हे मला एकदाही सुचलं नव्हतं. पितृपक्ष संपून आठवडा झाला होता, आणि मी एका जिवंत माणसाच्या नावानं घास काढत होतो, तोही प्लास्टिकचा. मी माफी मागायला लागलो तर त्यानं थांबवलं. म्हणाला, “असू द्या. जिवंतपणी मिळाला. ब्याण्णव टक्के मिळाला. आमच्या आजोबांना कावळ्यानं एवढा भाव दिला नव्हता.”

सुट्टीनंतरच्या सोमवारपासून काय लिहायचं, असं त्यानं विचारलं. मी लिहिलं नाही तर कुणी लिहिणार नाही, आणि कुणी लिहिलं नाही तर हा मोकळा होणार. ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. मी म्हणालो, तुझंच नाव लिहीन, वाईट वाटून घेऊ नकोस. तो म्हणाला, मग मी तुमचं लिहितो. दोघेही मेलेले असलो की बरं पडेल.

त्यानं पहिली चकती काढली, उलथण्यानं तिचा रुपयाएवढा तुकडा कापला, तव्याच्या कोपऱ्यात सरकवला आणि दुसरीकडे बघत बसला. कुणाचं नाव घेतलं की नाही, मी विचारलं नाही. बाकीची माझ्यापुढे ठेवली. मी खाल्लं. चव सुरणासारखी नाही, जरा गोडसर आहे.

जेवण झाल्यावर आंटी किटली घेऊन आली आणि तिनं तव्याच्या कडेनं पाणी फिरवलं. एका बाजूनं सुरू करून पूर्ण वळसा, न तुटता, जसे वडील फिरवायचे तसं. पांढरी दाट वाफ उठली. श्रीनिवासचा चष्मा धुरकटला, आंटी दिसेनाशी झाली, मलाही माझे हात दिसेनात. कोपऱ्यातला तुकडा पाण्याबरोबर खोबणीत गेला. जिथे जायचा तिथे गेला असेल.

तेवढ्या वेळात नाव आलं. आपणहून आलं. मी ओठांवर बोट ठेवून पाहिलं. हलत नव्हते.